खजिन्याची किल्ली कोणाच्या कमरेला?

३० एप्रिल २०२० रोजी विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र या तिन्ही वैधानिक विकास मंडळांची मुदत संपली. तिला मुदतवाढ मिळाली नाही. त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी, ४ मे २०२० रोजी, राज्याच्या वित्त विभागाने शासन निर्णय काढून त्या वर्षीच्या विकासखर्चाला कात्री लावली. तरतुदीच्या केवळ ३३ टक्के निधी मिळेल, नवी कामे नाहीत, नवी भरती नाही. कोरोनाची महामारी होती, टाळेबंदी होती, राज्याचे उत्पन्न आटले होते. काटकसरीला कोणाचाच आक्षेप असण्याचे कारण नव्हते. पण उरलेल्या एक तृतीयांशातून कोणाच्या पानात किती वाढायचे हे ठरविणारा हात मात्र एकच उरला होता आणि त्या हाताकडे बोट दाखवून हिशेब मागणारी मंडळे नेमकी त्याच आठवड्यात अस्तित्वातून गेली होती.

हिंगोलीसारख्या जिल्ह्याला या दोन तारखांचा अर्थ सर्वांत आधी कळतो. औंढा नागनाथ, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि हिंगोली असे पाच तालुके आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे पावणेबारा लाखांची वस्ती. एका बाजूला सिद्धेश्वरचे धरण, दुसऱ्या बाजूला यवतमाळच्या हद्दीवर पैनगंगेवरचे इसापूरचे धरण. दोन मोठे जलाशय उशाला असताना जिल्ह्यातील शिवारांचा मोठा भाग पावसाकडे तोंड करून बसलेला. उद्योग म्हणावे असे फार काही नाही. वसमतची हळद तेवढी देशाच्या बाजारात नाव मिळवून आहे. अशा जिल्ह्याचा विकास स्वतःच्या महसुलावर होत नसतो. तो मुंबईहून येणाऱ्या निधीवर होतो आणि त्या निधीच्या वाटेवर मंत्रालयातील एका विभागाचा दरवाजा असतो.

त्या दरवाजाचे नाव वित्त विभाग. कोणताही शासन निर्णय उघडून पाहावा, शेवटच्या परिच्छेदात एक ठरलेली ओळ सापडते. हा निर्णय वित्त विभागाच्या सहमतीने, त्यांच्या अमुक अनौपचारिक संदर्भ क्रमांकान्वये निर्गमित करण्यात येत आहे. सरकारी मराठीतील विनोदच म्हणायचा, कारण साऱ्या राज्यकारभारात याहून औपचारिक असे दुसरे काही नाही. मुख्यमंत्र्यांनी जाहीर सभेत दिलेला शब्द, पालकमंत्र्यांनी फोडलेला नारळ, आमदाराने छापलेले फलक, हे सारे त्या 'अनौपचारिक' क्रमांकावाचून हवेत असते.

शब्द एकाचा, सही दुसऱ्याची

राज्यघटनेने राज्याच्या कारभाराची जबाबदारी कोणावर टाकली आहे? सहाव्या भागात राज्यपाल आहेत, मुख्यमंत्री आहेत, विधानसभेला सामूहिकरीत्या उत्तरदायी असलेले मंत्रिमंडळ आहे. अर्थमंत्र्याला त्यात वेगळे सिंहासन दिलेले नाही. अर्थमंत्री हा इतर मंत्र्यांसारखाच एक मंत्री. त्याच्या विभागाला खर्चाच्या प्रत्येक प्रस्तावावर मत देण्याचा जो अधिकार मिळतो तो अनुच्छेद १६६ खाली तयार झालेल्या कार्यनियमावलीतून. आणि याच नियमावलीची रीत अशी आहे की, राज्याच्या तिजोरीवर भार टाकणाऱ्या एखाद्या प्रस्तावाला अर्थमंत्र्यांची संमती नसेल, तर तो प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे यावा. म्हणजे अर्थमंत्र्याचा नकार हा शेवटचा शब्द नव्हेच. तो मतभेदाचा आरंभ आहे. निर्णय मंत्रिमंडळाने करायचा आणि मंत्रिमंडळाच्या शीर्षस्थानी मुख्यमंत्री आहेत.

नियम इतका स्पष्ट असताना महाराष्ट्रात घडते ते निराळेच. नकार दिलाच जात नाही. नकार दिला की तो कागदावर येतो, त्याला कारण द्यावे लागते, प्रकरण मंत्रिमंडळात जाते आणि मग उत्तर द्यावे लागते. त्यापेक्षा शंका काढावी. फाईल शेरा घेऊन परत जाते, मूळ विभाग खुलासा करतो, फाईल पुन्हा येते, पुन्हा एक शंका. ना होकार, ना नकार. अशा शेऱ्यांच्या येरझाऱ्यांत डिसेंबर उजाडतो, मग पुरवणी मागण्यांचा हंगाम येतो आणि मार्चअखेर गाठली की ३१ तारखेच्या रात्री शासन निर्णयांचा पाऊस पडतो. जिल्ह्याच्या कोषागारात त्या रात्री जे पोहोचले ते पोहोचले. राहिले ते व्यपगत झाले. ज्यांनी हिंगोलीच्या कोषागाराबाहेर एकदा तरी मार्चअखेर पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

यात मुख्यमंत्री कोठे असतात? ते असतात, पण प्रेक्षकांत. कारण गेल्या पाव शतकात महाराष्ट्राच्या सत्तावाटपाची एक रूढी पडली आहे. मुख्यमंत्री एका पक्षाचा, तिजोरी दुसऱ्या पक्षाची. १९९९ ते २०१४ या पंधरा वर्षांत काँग्रेसचे विलासराव देशमुख, सुशीलकुमार शिंदे, अशोक चव्हाण आणि पृथ्वीराज चव्हाण असे मुख्यमंत्री झाले आणि अर्थखाते सतत राष्ट्रवादी काँग्रेसकडे राहिले. निष्पक्षपणे सांगायचे तर १९९५ च्या युती सरकारातही मुख्यमंत्री शिवसेनेचा आणि अर्थखाते भारतीय जनता पक्षाचे अशीच वाटणी होती. तेव्हा दोन्ही पक्ष एका विचारसूत्राने बांधलेले होते म्हणून तिची धार जाणवली नाही, एवढेच. पण रूढी वाईट ती वाईटच. ती आपल्यांनी पाडली म्हणून पवित्र होत नाही.

मराठवाड्याच्या दृष्टीने या पंधरा वर्षांतील एक गोष्ट तर डोळ्यांत अंजन घालणारी आहे. विलासराव लातूरचे, अशोकराव नांदेडचे. त्याआधी शंकरराव चव्हाण दोनदा मुख्यमंत्री झाले, निलंग्याचे शिवाजीराव पाटील झाले. मराठवाड्याने राज्याला चार मुख्यमंत्री दिले. 'आमचा माणूस वर बसला' म्हणून गावोगाव पेढे वाटले गेले. पण ज्यांच्या खुर्चीचा एवढा अभिमान धरला, त्यांच्या हाती तिजोरीची किल्ली होती का, हा प्रश्न पेढे खाताना कोणाला पडला नाही. शंकररावांची गोष्ट वेगळी. त्यांच्या शिस्तीपुढे फाईल थांबविण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. आघाडीच्या काळातील मुख्यमंत्र्यांना मात्र पाठिंब्याच्या टेकूवर उभे राहायचे होते आणि टेकू देणाऱ्याचा हात तिजोरीवर होता.

अनुशेषाचे गणित

आकडे रुक्ष असतात, पण येथे टाळता येत नाहीत. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये काढला. त्यात मराठवाड्याचा वाटा ७५०.८५ कोटींचा होता. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने ३१ मार्च १९९४ हा दिवस आधार धरून हिशेब केला, तेव्हा राज्याचा अनुशेष १४,००६.७७ कोटी आणि मराठवाड्याचा ४,००४.५५ कोटी निघाला. किमती वाढल्या, मोजण्याचे निकष बदलले, हे मान्य. तरीही दहा वर्षे अनुशेष 'भरून काढल्यानंतर' तो पाचपट व्हावा, याला कोणते अर्थशास्त्र म्हणायचे?

हिंगोलीची व्यथा याहून एक पायरी खालची. हा आधारदिन ठरला तेव्हा हिंगोली हा जिल्हाच नव्हता. १ मे १९९९ रोजी, युती सरकारच्या काळात, परभणीतून तो वेगळा झाला. जो जिल्हा कागदावर जन्मलेला नव्हता त्याचा अनुशेष परभणीच्या हिशेबात मिसळलेला. एकत्र कुटुंबातून वेगळ्या निघालेल्या धाकट्या भावासारखी त्याची गत झाली. भांडी वाट्याला आली, पण थोरल्याच्या नावावरच्या येण्यात आपले किती, हे सिद्ध करण्यात उमेदीची वर्षे गेली. सिंचनाचा अनुशेष स्वतंत्रपणे मोजावा यासाठी जिल्ह्यातील कार्यकर्ते आणि शेतकरी वर्षानुवर्षे निवेदने देत राहिले. हे काम ज्या चौकटीत व्हायचे ती चौकट म्हणजे विकास मंडळ.

अनुच्छेद ३७१ (२) ही १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने आलेली तरतूद. मराठवाडा निजामाच्या जोखडातून १७ सप्टेंबर १९४८ रोजी सुटला आणि पुढे कोणतीही अट न घालता मराठी राज्यात आला. त्या विश्वासाची घटनात्मक हमी म्हणजे हा अनुच्छेद. निधीचे न्याय्य वाटप व्हावे ही विशेष जबाबदारी त्याने राज्यपालांवर टाकली. हमी कागदावर आली १९५६ मध्ये आणि मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये, डॉ. पी. सी. अलेक्झांडर राज्यपाल असताना. अडतीस वर्षांचा हा विलंब काँग्रेसच्या खात्यावर जमा आहे. पुढे राज्यपालांचे निधिवाटपाचे निदेश येऊ लागले आणि प्रथमच वित्त विभागाला आपल्या टिपणीपलीकडच्या एका घटनात्मक अधिकाराची दखल घ्यावी लागली. तेव्हापासून ही मंडळे मंत्रालयाच्या डोळ्यांत सलत होती.

म्हणूनच २०२० साली मुदत संपल्यावर जे झाले ते केवळ विस्मरण मानता येत नाही. १ मार्च २०२१ रोजी, अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, विधानसभेत सुधीर मुनगंटीवार यांनी मंडळांचा प्रश्न काढला. तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री अजित पवार यांनी उत्तर दिले ते असे की, विधान परिषदेवरील बारा सदस्यांची नावे राज्यपाल ज्या दिवशी जाहीर करतील त्या दिवशी वा दुसऱ्या दिवशी मंडळांची घोषणा होईल. सभागृहात गदारोळ झाला. देवेंद्र फडणवीस यांनी मराठवाडा-विदर्भाच्या जनतेला ओलीस धरल्याचा आरोप केला आणि तो अतिशयोक्त नव्हता. बारा आमदारक्यांच्या बदल्यात दोन विभागांचा घटनादत्त हक्क! बाजारातही असा सौदा कोणी उघडपणे बोलत नाही. येथे तो विधानसभेच्या कामकाजात नोंदविला गेला. आणि या साऱ्यात मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांचे मत काय होते? सभागृहाला ते कळले नाही. कळण्याचे कारणही नव्हते, कारण विषय पैशाचा होता.

किल्ली नसलेले घर

मुख्यमंत्रिपद मिळावे म्हणून ठाकरे यांनी १९८९ पासूनची युती मोडली, मतदारांनी दिलेला कौल बाजूला सारला. मिळाले काय? किल्ली नसलेले घर. मुख्यमंत्र्यांच्या स्वतःच्या पक्षाचे आमदार आपल्या मतदारसंघाला निधी मिळत नाही, राष्ट्रवादीच्या पराभूत उमेदवारांची कामे आधी होतात, अशी तक्रार अडीच वर्षे करीत राहिले. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली त्यामागे हिंदुत्वाशी झालेली फारकत हे मूळ कारण होतेच. पण गुवाहाटीला गेलेल्या आमदारांच्या तोंडी दुसरा शब्द 'निधी' हा होता. हिंगोली जिल्ह्यातही तेच झाले. कळमनुरीचे शिवसेना आमदार सुरुवातीला ठाकरे यांच्यासोबत थांबले आणि ४ जुलै २०२२ रोजी विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशी एकनाथ शिंदे यांच्या बाजूला आले. त्याच महिन्यात हिंगोलीचे खासदारही आले. मुख्यमंत्री ज्यांचा, त्यांनाच मुख्यमंत्र्याकडून काही मिळत नाही, असा अनुभव आला की निष्ठा फार काळ टिकत नाहीत.

येथवर वाचून मान डोलावणाऱ्या वाचकाने पुढचेही वाचले पाहिजे. ज्या वित्त विभागाच्या कारभाराविरुद्ध एवढे बंड झाले, त्याच विभागाचा कारभार १४ जुलै २०२३ रोजी त्याच मंत्र्यांकडे, त्याच बंडखोरांच्या सरकारात, परत आला. राजकीय गणित असेल; बहुमताची सोय असेल. पण रूढी मात्र तशीच्या तशी चालू राहिली. परिणामही तेच. मंत्रालयातील फाईलने अर्थमंत्र्यांकडून मुख्यमंत्र्यांकडे जाताना वाटेत कोणाकोणाचे उंबरे ओलांडावेत याचे आदेश २०२३ मध्ये निघाले, मार्च २०२५ मध्ये पुन्हा निघाले. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचा सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचा सुमारे ३३५ कोटींचा निधी 'लाडकी बहीण' योजनेकडे वळविला गेला, तेव्हा सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी उघड संताप व्यक्त केला. खाते नको असेल तर बंदच करा, असे ते म्हणाले. ज्या योजनेसाठी २०२४ च्या अर्थसंकल्पात वार्षिक ४६ हजार कोटींची तरतूद सांगितली गेली, तिचे राजकीय महत्त्व कोणी नाकारत नाही. बहिणींच्या हाती पैसा गेला याचे समाधानच आहे. पण अनुसूचित जाती-जमातींसाठी राखलेला निधी हलवायचा, तर तो निर्णय संबंधित मंत्र्याला विश्वासात घेऊन मंत्रिमंडळात व्हायला हवा होता. सामाजिक समरसतेची भाषा बोलणाऱ्यांच्या सरकारात तरी एका मंत्र्याला आपल्या खात्याच्या पैशाबद्दल जाहीरपणे त्रागा करण्याची वेळ येऊ नये.

याचा अर्थ वित्त विभागाने डोळे मिटून सह्या कराव्यात असा नाही. तसा अर्थ काढणे हे मूर्खपणाचे होईल आणि महाराष्ट्राने त्या मूर्खपणाची किंमतही मोजली आहे. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीने जेव्हा दाखविले की, दशकभरात सिंचनावर सुमारे सत्तर हजार कोटी खर्चूनही सिंचित क्षेत्रात ०.१ टक्क्याची वाढ झाली, तेव्हा साऱ्या राज्याला धक्का बसला. प्रश्न असा की, खेड्यातल्या चार किलोमीटरच्या रस्त्यावर तीन शंका काढणारा वित्त विभाग त्या दशकात कोणत्या गुंगीत होता? जलसंपदा आणि वित्त ही दोन्ही खाती त्या पंधरा वर्षांत एकाच पक्षाकडे होती, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. तपासणारा आणि खर्चणारा एका घरचा असला की शंका निघत नाहीत. परक्या घरचा असला की संपत नाहीत. म्हणजे दोष तपासणीत नाही, तपासणीच्या पक्षीय वाटणीत आहे.

विलंब झाला तरी तो कोणत्या जातीचा आहे हे ओळखता येते. औंढा तालुक्यातील दुधाळा येथे गुरुत्वीय लहरींची 'लायगो' प्रयोगशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली आणि २,६०० कोटींची पूर्ण मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये मिळाली. सात वर्षे. पंतप्रधानांचा होकार असूनही तिजोरीचा होकार यायला एवढा काळ गेला, म्हणून जिल्ह्यात चुळबुळ झाली ती स्वाभाविक होती. पण जागेची पारख, भूसंपादन, तंत्रज्ञानाची सिद्धता यांवाचून एवढी रक्कम मोकळी करणे योग्य ठरले नसते. हा विलंब अडवणुकीचा नव्हता. याउलट, हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला राज्य मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मंजुरी दिली आणि ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे त्याचे उद्घाटन झाले. दोन वर्षांच्या आत! मुख्यमंत्री, अर्थमंत्री आणि दिल्ली यांचे एकमत असले की फाईलला पाय फुटतात, हेही हिंगोलीने पाहिले आहे.

हिंगोलीच्या छावणीचा धडा

वास्तविक तिजोरी आणि सत्ता यांचे नाते हिंगोलीला कोणी शिकवायला नको. इंग्रजांच्या काळात येथे निजामाच्या 'हैदराबाद कंटिंजंट' फौजेची छावणी होती. फौज नावाने निजामाची, अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा आणि पगार निजामाच्या तिजोरीतून. महाराजा चंदुलाल यांच्या हाती अनेक दशके राज्याचा कारभार होता. फौजेचा खर्च भागविण्यासाठी त्यांनी पामर कंपनीसारख्या सावकारी पेढीकडून जबर व्याजाने कर्जे काढली. खर्च किती करायचा हे ठरविण्याचा अधिकार राज्याच्या प्रमुखाला नव्हता. देण्याची जबाबदारी मात्र सगळी त्याची. पेढी बुडाली, कर्ज बुडाले नाही. अखेर २१ मे १८५३ च्या तहाने निजामाला थकबाकीपोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूरचा दुआब इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड कायमचे गेले. एका लढाईवाचून, एक गोळी न झाडता, केवळ वहीखात्यावर मुलूख गेला. हिंगोलीची छावणी १९०३ मध्ये ती फौज इंग्रजी सैन्यात विलीन होईपर्यंत टिकली.

निजामाबद्दल मराठवाड्याच्या मनात कणव असण्याचे कारण नाही. त्याच्या वंशजाच्या रझाकारांनी काय केले ते येथील घराघराने भोगले आहे. पण राज्यशास्त्राचा धडा शत्रूच्या इतिहासातूनही घ्यावा. ज्याच्या खर्चाचा निर्णय दुसरा करतो, त्याचे राज्य नावापुरते उरते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत अमात्यांचे स्थान फार वरचे होते. जमाखर्चाची तपासणी त्यांची, चुकीवर बोट ठेवण्याचा अधिकार त्यांचा. आज्ञा मात्र छत्रपतींची. अमात्याने वेगळी गादी मांडल्याचे त्या व्यवस्थेत संभवत नव्हते.

स्वतंत्र भारतातही हा झगडा पहिल्या दिवसापासून आहे. मात्र तेव्हा तो कसा लढला गेला ते पाहण्यासारखे आहे. जॉन मथाई नेहरूंच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते. नियोजन आयोग हे समांतर मंत्रिमंडळ होऊ पाहत आहे आणि खर्चावरील अर्थ मंत्रालयाचे नियंत्रण त्याने ढिले पडेल, असे त्यांचे मत होते. पंतप्रधान ऐकेनात. १९५० मध्ये मथाई राजीनामा देऊन बाहेर पडले आणि कारणे जाहीरपणे सांगितली. त्यांच्या जागी आलेले चिंतामणराव देशमुख हे कोकणच्या मातीतले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा निर्णय मंत्रिमंडळात चर्चा न होताच घेतला गेला, असे संसदेत सांगून १९५६ मध्ये त्यांनीही पद सोडले. त्यानंतर इंदिरा गांधींनी उलट टोक गाठले. जुलै १९६९ मध्ये मोरारजी देसाई यांच्याकडून अर्थखाते काढून घेतले आणि तीन दिवसांत बँकांचे राष्ट्रीयीकरण केले. सरकारच्या प्रमुखाला आवरणारे कोणीच उरले नाही की काय होते, ते देशाने १९७५ मध्ये पाहिले. नियोजन आयोगाबद्दल मथाईंना जी भीती वाटली होती तिचे निराकरण व्हायला १ जानेवारी २०१५ उजाडावा लागला. नरेंद्र मोदी सरकारने त्या दिवशी आयोगाच्या जागी नीती आयोग आणला.

मथाई आणि चिंतामणराव यांचे सर्व मुद्दे पटोत न पटोत, त्यांनी आपला विरोध फाईलच्या समासात लपविला नाही. मंत्रिमंडळात मांडला, ऐकला गेला नाही तेव्हा खुर्ची सोडली आणि लोकांना कारण सांगितले. महाराष्ट्राच्या अर्थमंत्र्यांकडून अपेक्षा आहे ती एवढ्याच मर्दानगीची. पैसा नसेल तर 'नाही' म्हणावे, लेखी म्हणावे, ठरावीक मुदतीत म्हणावे. मग मुख्यमंत्र्यांनी तो विषय मंत्रिमंडळात घ्यावा आणि जो निर्णय होईल त्याखाली स्वतःचे नाव घालावे. खर्च वाया गेला तर दोष मुख्यमंत्र्यांचा. काम अडले तर अडविणाऱ्याचे नाव लोकांना ठाऊक. यासाठी घटनादुरुस्ती नको, नवा कायदा नको. कार्यनियमावलीत आहे ते पाळले तरी पुरे. आज जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा जिल्हा नियोजन समिती करते आणि वाढीव निधीसाठी पालकमंत्री व जिल्हाधिकारी अर्थमंत्र्यांच्या बैठकीत हिशेबाचे कागद घेऊन उभे राहतात. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नियोजन जिल्ह्याकडे आणले. अर्जदारी मात्र मुंबईतच राहिली.

आणि विकास मंडळांचे काय? शिंदे मंत्रिमंडळाने २७ सप्टेंबर २०२२ रोजी ती पुनर्गठित करण्याचा निर्णय घेतला, त्याचे मराठवाड्याने स्वागत केले. त्या निर्णयाला तीन वर्षे पूर्ण झाली तेव्हाही मंडळे उभी राहिली नव्हती. मुंबईतही आपले, दिल्लीतही आपले. आता बोट कोणाकडे दाखवायचे? केंद्रीय वित्त सचिव राहिलेले विजय केळकर यांच्यासारख्या जाणत्या माणसाच्या समितीने २०१३ मध्ये प्रादेशिक असमतोलावर अहवाल दिला. तो डिसेंबर २०१४ मध्ये सभागृहापुढे आला आणि बहुधा आजही एखाद्या कपाटात सुस्थितीत असेल. ऑक्टोबर २०१६ मध्ये आणि पुन्हा १६ सप्टेंबर २०२३ रोजी मंत्रिमंडळाची बैठक मराठवाड्याच्या राजधानीत झाली. दोन्ही वेळा चाळीस हजार कोटींहून मोठ्या घोषणा झाल्या. त्यातील किती कोटींना वित्त विभागाचा तो 'अनौपचारिक' क्रमांक मिळाला, हा हिशेब विचारण्याचे काम विरोधकांवर सोडून चालणार नाही. विरोधकांना त्याची नैतिक योग्यता नाही आणि आपल्या सरकारला प्रश्न विचारणे हा सरकारशी द्रोह नव्हे.

वसमतच्या हळद संशोधन केंद्रासाठी २०२२ मध्ये शंभर कोटींची घोषणा झाली. हिंगोलीच्या कार्यकर्त्यांनी सुरुवात तेथूनच करावी. मंजूर किती, वितरित किती, खर्च किती, या तीन रकाने आखलेल्या एका कागदावर आधी ते केंद्र लिहावे. मग जिल्ह्यासाठी घोषित झालेली बाकीची कामे एकेक करून त्याखाली लिहीत जावीत आणि पुढच्या वेळी मुख्यमंत्री जिल्ह्यात येतील तेव्हा हारतुऱ्यांबरोबर तो कागदही त्यांच्या हाती द्यावा.